कॉम्प्युटर म्हणतो पुस्तक आहे, मग रॅकवर का नाही? मोठ्या लायब्ररीत दरवेळी हरवणाऱ्यांसाठी

मागच्या आठवड्यात एक मुलगी काउंटरवर आली, हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर ८९१.४६०९ एवढंच लिहिलेलं, आणि म्हणाली, "मॅडम, हे पुस्तक तुमच्याकडे नाहीच्चे, तुमचा कॉम्प्युटर चुकतोय." पीएचडी करतेय, बाहेरगावाहून एसटीने येते, ह्याच पुस्तकासाठी तिसरी खेप. मी विचारलं कुठे शोधलंस? तर म्हणे आठव्या रॅकवर. आठव्या का? तर नंबर आठने सुरू होतो म्हणून. आमच्याकडे आठव्या रॅकवर बँकिंगची पुस्तकं आहेत, ती बिचारी दोन वेळा बँकिंग बघून घरी गेली.

मी एका मोठ्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत देवघेव विभागात बसते, अकरा वर्षं झाली. नाव सांगत नाही, नोकरी करायचीये अजून. पण हा प्रॉब्लेम आमच्याच इथला नाही, जिथे जिथे मजल्यांवर मजले आणि रॅकमागे रॅक आहेत तिथे रोज हेच चालू असतं, आणि हरवणारा माणूस दरवेळी स्वतःलाच दोष देतो की मला दिशा कळत नाहीत, मी तसलाच आहे. तसं नसतं हो. बहुतेक वेळा माणूस एकाच ठरावीक ठिकाणी चुकतो आणि ते ठिकाण म्हणजे नंबर.

नंबर हा पत्ता नाही. नंबर म्हणजे रांगेतली जागा आहे. बँकेत टोकन मिळतं ना ४७, त्यावरून तुमच्या आधी ४६ आणि नंतर ४८ एवढं कळतं, ४७ नंबरवाला कुठल्या खुर्चीत बसलाय हे कळतं का? तसंच. पुस्तकाच्या पाठीवरच्या लेबलावरून शेजारी कोण हे कळतं, पण कुठला मजला कुठला हॉल कितवा रॅक हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं.

आणि हे मुद्दाम तसं केलेलं आहे. पूर्वी खरंच पत्ता असायचा. इंग्लंडात रॉबर्ट कॉटन नावाच्या माणसाकडे हस्तलिखितं होती, त्याच्या कपाटांवर रोमन बादशहांचे अर्धपुतळे बसवलेले, आणि पुस्तकाचा नंबर म्हणजे कुठल्या बादशहाचं कपाट, कितवा कप्पा, कितवं पुस्तक. बेवुल्फ ह्या जुन्या इंग्रजी काव्याचं हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्याचा नंबर अजूनही 'कॉटन व्हिटेलियस ए १५' असाच आहे, म्हणजे व्हिटेलियस बादशहाचं कपाट, ए कप्पा, पंधरावं पुस्तक. कपाट गेलं, पत्ता राहिला. ह्या पद्धतीत गंमत अशी की मध्ये चार नवीन पुस्तकं आली की बोंब, कारण कप्पा भरलेला. मग १८७६ साली मेल्विल ड्यूईने दशांश वर्गीकरण काढलं आणि त्यात नंबर जागेला न देता विषयाला दिला. त्यामुळे पुस्तकं वाढली, सरकली, दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर नेली तरी लेबल बदलावं लागत नाही. आमची सोय झाली, तुमची पंचाईत. आम्ही दर दोनतीन वर्षांनी पुस्तकं सरकवतो आणि तुम्ही मागच्या वेळच्या जागेवर जाऊन उभे राहता.

म्हणून पहिला उपाय, आणि निम्म्या केसेस इथेच सुटतात: जिना चढायच्या आधी काउंटरवर किंवा दारापाशी लावलेल्या तक्त्यावर 'हा नंबर सध्या कुठे आहे' एवढं विचारा. 'सध्या' महत्त्वाचं. आणि "मराठीची पुस्तकं कुठायत" असं विचारू नका, कारण मराठी भाषा ४९१.४६ ला, मराठी साहित्य ८९१.४६ ला, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ ला, तिन्ही वेगवेगळ्या टोकांना. नंबर सांगून विचारलंत की समोरचा माणूस हात करून दाखवतो आणि विषय संपतो.

चिठ्ठीवर नुसता नंबर लिहू नका

त्या मुलीने नंबर बरोबर उतरवला होता, बाकीचं सोडून दिलं होतं. आजकाल बऱ्याच ठिकाणी कोहा नावाचं सॉफ्टवेअर असतं (न्यूझीलंडचं, फुकट मिळतं, म्हणून सगळ्यांनी घेतलं), त्यात पुस्तकावर क्लिक केलं की खाली एक टेबल येतं. त्यात करंट लायब्ररी, होम लायब्ररी, कलेक्शन, शेल्व्हिंग लोकेशन, कॉल नंबर, स्टेटस असे रकाने असतात, कुठे कमी कुठे जास्त. लोक कॉल नंबर आणि 'अव्हेलेबल' एवढंच बघतात आणि धावतात. त्यापेक्षा पूर्ण टेबलाचा फोटो काढा मोबाईलवर, मग शांतपणे वाचा.

करंट लायब्ररी बघा कारण पुस्तक अव्हेलेबल असतं पण भलत्याच इमारतीत. मुंबई विद्यापीठाचंच घ्या, राजाबाई टॉवरखालची फोर्टची लायब्ररी वेगळी आणि कलिन्याची जवाहरलाल नेहरू लायब्ररी वेगळी, मध्ये अख्खी लोकल आहे. फोर्टातल्या टाउन हॉलमध्ये तर एकाच इमारतीत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय अशी दोन आहेत, तेव्हा कोणीतरी "टाउन हॉलला मिळेल" म्हटलं तर कुठल्यात ते आधीच विचारून घ्या. कोलकात्याला नॅशनल लायब्ररीत गेलात तर फोटोतली ती बेल्व्हेडेअरची देखणी जुनी इमारत बघून तिकडे चालत सुटू नका, वाचायला बसायचं ते भाषा भवनात.

शेल्व्हिंग लोकेशन किंवा नंबराच्या आधी लागलेलं अक्षर हे दुसरं. आर किंवा रेफ असेल तर ते संदर्भ विभागात, घरी मिळणार नाही. टी बी असेल तर बहुतेक क्रमिक पुस्तकं, ती वेगळ्या खोलीत. प्रबंध वेगळे, बांधीव नियतकालिकं वेगळी, कप्प्यात उभी न मावणारी मोठ्या आकाराची पुस्तकं कुठेतरी खालच्या रॅकवर आडवी. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे देणगी संग्रह. कोणा प्राध्यापकांनी दोन हजार पुस्तकं दिली आणि अट घातली की माझा संग्रह एकत्र ठेवा, मग तो काचेच्या कपाटांत नावाच्या पाटीखाली वेगळा उभा राहतो. नंबर तोच ८९१.४६, पण मुख्य रांगेत तुम्ही जन्मभर शोधलात तरी मिळायचा नाही. त्या मुलीचं पुस्तक इथे असेल असं मला आधी वाटलं होतं. नव्हतं. पुढे सांगते.

रॅक बरोबर, पुस्तक नाही

आता हा सगळ्यात जास्त येणारा प्रकार आणि ह्यावर जरा वेळ घालवा. ह्या मुलीला मी बरोबर हॉल दाखवला, दहा मिनिटांनी परत आली, "नाहीये." मी सोबत गेले. ती ८९१.४६१ च्या पुढे पुढे शोधत होती, कारण तिच्या डोक्यात ४६०९ हा आकडा ४६१ पेक्षा मोठा. चार हजार सहाशे नऊ आणि चारशे एकसष्ट. साहजिक आहे, आपण पॉइंटनंतरचे आकडेही साध्या नंबरासारखे वाचतो.

पैशात विचार करा. ८९१ रुपये आणि पुढे पैसे. ८९१.५ म्हणजे पाच पैसे नाही, पन्नास पैसे. म्हणून ८९१.४६ आधी येतं आणि ८९१.५ नंतर, जरी ४६ हा ५ पेक्षा मोठा दिसला तरी. आता ८९१.४६०९ म्हणजे सेहेचाळीस पैसे आणि वर अगदी थोडं, ८९१.४६१ म्हणजे त्याहून जरा जास्त. रांग अशी लागते: ८९१.४६, मग ८९१.४६०९ (मराठी साहित्याचा इतिहास), मग ८९१.४६१ (कविता), मग ८९१.४६१००९ (कवितेचा इतिहास), मग ८९१.४६२ (नाटक), मग ८९१.४६३ (कथा-कादंबरी). ते सहा आकडी शेपूट बघून लोक थेट रॅकच्या शेवटाला जातात आणि पुस्तक बसलेलं असतं कवितांना चिकटून. एकेक आकडा डावीकडून जुळवत जा, पहिला फरक जिथे सापडेल तिथे लहानमोठं ठरवा, शेपूट किती लांब आहे ते विसरा.

नंबर जुळला की खाली अक्षरं असतात, लेखकाच्या आडनावाची. देशपांडे असेल तर कुठे रोमनमध्ये डीईएस, कुठे देवनागरीत देश. देवनागरी असेल तर एक घोळ लक्षात ठेवा, क्ष आणि ज्ञ. जुन्या हाताने लावलेल्या रांगेत ते ह आणि ळ च्या नंतर शेवटी असतात, बाराखडीच्या तक्त्यासारखे, पण कॉम्प्युटरला क्ष म्हणजे क् अधिक ष, तो त्याला क मध्येच बसवतो. क्षीरसागर आडनावाचा लेखक हवा असेल तर दोन्हीकडे बघा.

त्यानंतर वाचायची दिशा. एका उभ्या खणात वरच्या कप्प्यापासून खालच्या कप्प्यापर्यंत, प्रत्येक कप्पा डावीकडून उजवीकडे, आणि खण संपला की मग शेजारचा खण. लोक काय करतात, वरचा कप्पा धरून अख्ख्या रॅकची लांबी चालत जातात आणि नंबर मध्येच उड्या मारतात म्हणून वैतागतात. नंबर उडी मारत नाही हो, तुम्ही खण ओलांडलात. रॅकची एक बाजू संपली की पुढे काय हे मात्र लायब्ररीगणिक बदलतं, कुठे वळसा घालून त्याच रॅकच्या पाठीमागे जायचं, कुठे बोळाच्या समोरच्या रॅकवर. कळण्याचा सोपा उपाय: शेवटच्या पुस्तकाचा नंबर बघा आणि दोन्हीकडचं पहिलं पुस्तक बघा, जे जुळेल तिकडे चला. पाच सेकंदांचं काम आहे.

फिरती कपाटं असतील तर, ज्यांना आम्ही कॉम्पॅक्टर म्हणतो, ते चाक फिरवून उघडायचे, तिथे बोळ एका वेळी एकच उघडा असतो. त्यामुळे हवा तो रॅक दिसतच नाही, नुसती बंद भिंत दिसते. बाजूच्या पाटीवर सुरुवातीचा आणि शेवटचा नंबर असतो, तो वाचा. आणि चाक फिरवण्याआधी आत कोणी उभं आहे का हे डोकावून बघा, प्लीज. एकदा आमच्या मामांना, म्हणजे रॅकवर पुस्तकं लावणाऱ्या माणसाला, आतून ओरडावं लागलं होतं.

इमारतच कळत नाही

हा वेगळा आजार आहे, ह्याला नंबर येऊन उपयोग नाही. जुन्या मोठ्या लायब्रऱ्यांत पुस्तकांचे मजले आणि इमारतीचे मजले एक नसतात. पुस्तकांच्या खोलीला उंच छत कशाला हवं, म्हणून एका मजल्याच्या उंचीत लोखंडी मेझनाईन टाकून दोन थर करतात. बाहेरून तीन मजले, आत पुस्तकांचे सहा थर. लिफ्ट मेझनाईनला थांबत नाही. तक्त्यावर लिहिलंय 'स्टॅक ४', म्हणजे पुस्तकांचा चौथा थर, आणि तुम्ही लिफ्टमध्ये ४ शोधताय, तो नाहीच. अशा वेळी लिफ्ट सोडा, स्टॅकच्या आतला अरुंद लोखंडी जिना शोधा आणि थर मोजत जा. जिना सहसा हॉलच्या एका टोकाला असतो, रॅकच्या मागे लपलेला.

पाट्यांचे बाण. वर टोक केलेला बाण म्हणजे सरळ जा की वरच्या मजल्यावर जा? सांगता येत नाही. शेजारी जिन्याचं चित्र असेल तर वर, नसेल तर आधी सरळ जाऊन बघा, कारण सरळ गेल्याचे पाय कमी दुखतात.

'तुम्ही इथे आहात' वाला नकाशा अजून वाईट. मार्व्हिन लेव्हिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८२ सालीच लिहून ठेवलंय की नकाशात जे वर आहे ते बघणाऱ्याच्या समोर असायला हवं, नाहीतर माणूस उलट्या दिशेला जातो. पण आपल्याकडे काय होतं, एकच नकाशा छापतात आणि चारही भिंतींवर तोच चिकटवतात, म्हणजे एका भिंतीवर बरोबर आणि तीन भिंतींवर चूक. इलाज: मोबाईलवर फोटो काढा, तुम्ही बघताय ती खिडकी किंवा जिना नकाशात शोधा, आणि तो वर येईपर्यंत फोन फिरवत राहा (रोटेशन लॉक करून, नाहीतर फोटोही गोल फिरतो). गुगल मॅपचा निळा ठिपका आत काही कामाचा नाही, तळघरात तर रेंजच जाते.

बरं हे फक्त जुन्या इमारतींचं दुखणं आहे असंही नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलची सेंट्रल लायब्ररी, आर्किटेक्ट रेम कूलहासच्या ऑफिसने केलेली, २००४ साली उघडली, अकरा मजली काचेची. तिकडे आपली बरीच मराठी मंडळी नोकरीला आहेत आणि आईबाबा आले की दाखवायला नेतात. तिथे त्यांनी नंबरांचा प्रश्न फार सुंदर सोडवलाय, सहाव्या मजल्यापासून नवव्यापर्यंत एकच उतार गोल गोल फिरत जातो आणि ड्यूईचे नंबर ० पासून ९९९ पर्यंत सलग त्या उतारावर, जमिनीवर रबरी मॅटवर आकडे मोठ्ठे लिहिलेले. नंबर कुठे तुटतच नाही. पण त्याच इमारतीत पिवळाजर्द सरकता जिना तुम्हाला झक्कास वर नेतो आणि वरून खाली आणणारा जोडीदार जिनाच नाही, लोक वर अडकल्यासारखे फिरत राहायचे. लॉरा कार्लसन, क्रिस्टोफ होल्शर वगैरे संशोधकांनी २०१० मध्ये इमारतीत माणूस का हरवतो ह्यावर लिहिलं तेव्हा उदाहरण हीच लायब्ररी घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की इमारतीची रचना, डोक्यात तयार होणारा नकाशा आणि माणसाची रस्ता शोधायची सवय ह्या तिन्हींचं जमलं नाही की गोंधळ होतो. म्हणजे दोष एकट्या तुमचा नाही, हे मी म्हणत होते तेच.

माझा स्वतःचा तोडगा साधा आहे. ज्या जिन्याने वर गेलात त्याच जिन्याने खाली या, दुसरा कितीही जवळचा वाटला तरी. मोठ्या लायब्ररीत दुसरा जिना मागच्या बाजूला उतरतो, तिथलं दार कुलूपबंद असतं, आणि तुमची बॅग पुढच्या प्रॉपर्टी काउंटरवर. आणि वर पोचलात की एकदा मागे वळून बघा, परत येताना तो देखावा असाच दिसणार आहे. गावाकडे आडरानात शिरताना म्हातारी माणसं करतात तेच.

सर्चमध्येच येत नाही

मराठी पुस्तक असेल तर आधी रोमनमध्ये टाकून बघा, मग देवनागरीत. बऱ्याच जुन्या नोंदी रोमनमध्ये केलेल्या आहेत आणि स्पेलिंग करणाऱ्याच्या मनावर. ऱ्हस्वदीर्घ बदलून बघा. पूर्ण नाव टाकू नका, एखादा ठसठशीत शब्द टाका. आणि ज्या जुन्या लायब्ररीत तालिकापत्रांचे खण, म्हणजे कार्डांची लाकडी कपाटं, अजून आहेत तिथे ती उघडायला लाजू नका, सगळं कॉम्प्युटरवर आलेलं नसतं.

सगळं बरोबर केलं, तरी नाही

मग पुस्तक खरंच जागेवर नाही. स्टेटसला 'अव्हेलेबल' म्हणजे कोणी घरी नेलेलं नाही, एवढाच अर्थ. ते शेजारच्या टेबलावर कोणासमोर उघडं असू शकतं. परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीवर असू शकतं, ती ट्रॉली आधी बघा, दोनतीन तरी तिथे सापडतात. बाइंडिंगला गेलेलं असू शकतं. मे महिन्यात साठा पडताळणी चालू असेल तर अख्खे रॅकच्या रॅक हललेले असू शकतात. आणि परीक्षा जवळ आली की मुलं पुस्तक लपवतात, एमपीएससीवाली जास्त, राज्यशास्त्राचं पुस्तक नेऊन शेतीच्या रॅकवर ठेवतात म्हणजे उद्या आपल्यालाच मिळेल. म्हणून नंबराच्या आजूबाजूला दोन कप्पे वर, दोन खाली आणि उभ्या पुस्तकांच्या मागे हात घालून बघा.

तरी नाही सापडलं तर काउंटरवर येऊन 'सापडत नाही' एवढंच म्हणू नका. नंबर, आधीचं अक्षर, कुठल्या खणात बघितलं आणि तिथे आजूबाजूला कोणते नंबर होते, एवढं सांगा. ह्यावरून आम्हाला कळतं की तुम्ही चुकलात की पुस्तक चुकलंय. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पाच सूत्रांतलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, आम्हाला परीक्षेला पाठ करून लिहावं लागतं, त्यामुळे विचारायला संकोच करू नका, पगार त्याचाच आहे. आणि आमच्यापेक्षाही मामांना विचारा. पुस्तकं रोज ते लावतात, आम्ही फक्त स्कॅन करतो.

त्या मुलीचं पुस्तक मामांनीच काढलं. ८९१.४६०९ च्या जागी नव्हतं, ८९१.४६९ च्या खणात कोपऱ्यात होतं, कोणीतरी वाचून झाल्यावर शहाणपणाने स्वतः परत लावलं होतं आणि मधलं शून्य खाल्लं होतं. तेव्हा वाचून झालेलं पुस्तक रॅकवर लावू नका, टेबलावर तसंच सोडा, मामा ओरडणार नाहीत.